जामीन मिळाला, सुटका कधी?

ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईच्या आर्थर रोड कारागृहाबाहेरील जामीनपेटीला अचानक देशव्यापी प्रसिद्धी मिळाली. अभिनेते शाहरुख खान यांच्या मुलाला उच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबरला जामीन मंजूर केला. अटींचा तपशील असलेला आदेश दुसऱ्या दिवशी हाती आला. परंतु सुटकेचे कागद सायंकाळी साडेपाचच्या आत पेटीत पडू शकले नाहीत. परिणामी त्याला आणखी एक रात्र कोठडीत काढावी लागली आणि ३० तारखेच्या सकाळी तो बाहेर आला. पाठीशी नामवंत वकिलांची फौज, जामीनदार म्हणून एक प्रसिद्ध अभिनेत्री आणि दाराशी वृत्तवाहिन्यांचे कॅमेरे असतानाही ही स्थिती! पुढे मे २०२२ मध्ये अमली पदार्थ नियंत्रण विभागाने दाखल केलेल्या आरोपपत्रात त्याचे नावही नव्हते.

त्या पेटीवर पुष्कळ विनोद झाले. सर्वोच्च न्यायालयाने मात्र हा विषय त्याआधीच, जुलै २०२१ मध्ये, आग्र्याच्या कारागृहातील कैद्यांची सुटका रखडल्याचे पाहून स्वतःहून हाती घेतला होता. त्यातूनच मार्च २०२२ मध्ये आदेशाची प्रमाणित प्रत संगणकाद्वारे थेट कारागृहाकडे पाठवणारी 'फास्टर' ही यंत्रणा सुरू झाली. कागदाचा प्रवास त्यामुळे सुकर झाला, यात शंका नाही. परंतु कागद वेळेवर न पोहोचणे हे जामिनाच्या दुखण्यातील सर्वांत किरकोळ लक्षण आहे. जामीन मंजूर झाला, आदेशही पोहोचला, तरीही कैदी आतच, अशी प्रकरणे देशात हजारोंनी आहेत. त्यांच्यासाठी ना कॅमेरे असतात ना बातम्या.

चारांपैकी तिघे कच्चे कैदी

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या कारागृह अहवालानुसार देशातील कारागृहांत ५ लाख ७३ हजार २२० बंदी होते. त्यांतील ४ लाख ३४ हजार ३०२ जण, म्हणजे जवळजवळ ७६ टक्के, कच्चे कैदी होते. म्हणजेच त्यांच्यावरील खटल्याचा निकाल लागलेला नव्हता आणि कायद्याच्या दृष्टीने ते निर्दोषच होते. पाच वर्षांहून अधिक काळ खटल्याच्या प्रतीक्षेत आत असलेल्यांची संख्या अकरा हजारांच्या वर होती. महाराष्ट्राचा आकडा ३२ हजार ८८३. उत्तर प्रदेश आणि बिहार यांच्या पाठोपाठ आपल्या 'पुरोगामी' राज्याचा क्रमांक लागतो. आर्थर रोडची अधिकृत क्षमता हजाराच्या आत असताना तेथे तीन हजारांहून अधिक बंदी कोंबलेले असतात, हे तर आता बातमीचेही मोल नसलेले वास्तव झाले आहे.

हे लोक कोण आहेत, याचे उत्तरही त्याच अहवालात सापडते. सुमारे दोन तृतीयांश कच्चे कैदी अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गीय आहेत. बहुतेकांचे शिक्षण दहावीच्या आत थांबलेले आहे. या आकड्यांवरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. पैसा, कागद आणि ओळख यांपैकी काहीच जवळ नसलेला माणूस या व्यवस्थेत सर्वाधिक काळ अडकून पडतो, मग त्याच्यावरील गुन्हा कितीही किरकोळ असो.

जुनीच सनद, जुनीच अडचण

'जामीन हा नियम, तुरुंग हा अपवाद' हे वाक्य गेल्या पाच दशकांत इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की त्याची धार बोथट झाली आहे. न्या. व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी १९७७ मध्ये राजस्थानातील बालचंद प्रकरणात हे तत्त्व मांडले. त्याहून महत्त्वाचा, पण कमी आठवला जाणारा निर्णय पुढच्याच वर्षीचा आहे. मध्य प्रदेशातील मोतीराम या गवंड्याला सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला. पण खालच्या दंडाधिकाऱ्यांनी त्याच्याकडे दहा हजार रुपयांचा जामीनदार मागितला आणि भावाने जामीन राहण्याची तयारी दाखवली तेव्हा तो व त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यातील असल्याच्या कारणाने त्याला नाकारले. १९७८ मधील दहा हजार रुपये म्हणजे गवंड्याची कित्येक वर्षांची कमाई. न्या. अय्यर यांनी ती अट मोडीत काढली आणि एक हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर त्याला मोकळे करण्यास सांगितले. दक्षिणेतला माणूस उत्तरेत पकडला गेला तर त्याने तेथला जामीनदार आणायचा कोठून, हा त्यांचा सवाल आज मुंबई-ठाण्यातील परप्रांतीय मजुराला जसा लागू आहे, तसाच मराठवाड्यातून पुण्याला बांधकामावर आलेल्या माणसालाही आहे.

१९७९ मधील हुसैनआरा खातून प्रकरणाने तर देश हादरला. बिहारच्या तुरुंगांतील काही कच्चे कैदी त्यांच्यावरील आरोपाला असलेल्या कमाल शिक्षेपेक्षाही अधिक काळ आत होते. वृत्तपत्रातील लेखांच्या आधारे अॅड. कपिला हिंगोरानी यांनी याचिका केली आणि न्या. पी. एन. भगवती यांच्या पीठाने जलद खटला हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग असल्याचे ठरवले. हजारो कैदी सुटले. त्यानंतर समित्या झाल्या, अहवाल झाले. २००५ च्या दुरुस्तीने फौजदारी प्रक्रिया संहितेत ४३६-अ हे कलम आले आणि कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढलेल्या कच्च्या कैद्याला सोडण्याची तरतूद झाली. जामीनपात्र गुन्ह्यात अटक झालेला माणूस आठवडाभरात जामीन देऊ शकला नाही, तर तो निर्धन समजून त्याला जातमुचलक्यावर सोडावे, हेही त्याच वेळी कायद्यात लिहिले गेले. कागदावर आणखी काय हवे?

जामीनदार नावाची भिंत

प्रत्यक्षात काय घडते ते पाहण्यासाठी दंडाधिकाऱ्यांच्या कोणत्याही न्यायालयात जामीन आदेशानंतरचा तास घालवणे पुरेसे आहे. न्यायाधीश आदेश देतात : पंधरा हजार रुपयांचा मुचलका आणि तितक्याच रकमेचा एक जामीनदार. येथून खरी परीक्षा सुरू होते. जामीनदाराला शिधापत्रिका हवी, ओळखपत्र हवे, वेतनचिठ्ठी किंवा सातबारा किंवा घराची कागदपत्रे हवीत, अनेकदा तहसीलदाराचा ऐपतदारीचा दाखला हवा. तो मिळेपर्यंत दिवस जातात, कधी आठवडे. नंतर त्याच्या पत्त्याची पोलिसांकडून पडताळणी. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, रोजंदारीवर काम करणाऱ्या माणसाच्या ओळखीत असा जामीनदार कोण असणार? ज्याच्याकडे ही कागदपत्रे आहेत, तो शेजाऱ्याच्या मुलासाठी ती न्यायालयात अडकवून ठेवण्यास सहसा तयार होत नाही. आणि त्याला दोष तरी कसा द्यावा?

मुंबईत यावर एक पर्याय रूढ आहे. जामीनदार मिळेपर्यंत काही आठवड्यांसाठी रोख रक्कम भरून तात्पुरती सुटका. ज्याच्याकडे रोख आहे, त्याला हा मोठाच दिलासा. ज्याच्याकडे नाही, त्याच्या कुटुंबापुढे सावकार उभा राहतो. तिसरा मार्ग न्यायालयाच्या आवाराबाहेर उपलब्ध असतो : भाड्याचे जामीनदार. बनावट शिधापत्रिका आणि खोटे दाखले घेऊन अनेक आरोपींना जामीन राहणाऱ्या टोळ्या पोलिसांनी वेळोवेळी पकडल्या आहेत. आरोपी हजर राहावा म्हणून निर्माण केलेली अट बनावट माणूस उभा करून पुरी होते आणि आरोपी पळाल्यास न्यायालयाच्या हाती अस्तित्वातच नसलेल्या पत्त्याचा कागद उरतो. प्रामाणिक गरीब आत राहतो आणि पैसा मोजू शकणारा सराईत बाहेर पडतो. जामीनदाराची पद्धत सुरक्षेसाठी आवश्यक आहे असे म्हणणाऱ्यांनी या एका गोष्टीचा विचार करावयास हवा.

२६ नोव्हेंबर २०२२ रोजी, संविधान दिनाच्या समारंभात, राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी लिखित भाषण बाजूला ठेवून किरकोळ गुन्ह्यांसाठी वर्षानुवर्षे आत राहिलेल्या गरीब आदिवासींविषयी सरन्यायाधीशांसमोर आर्जव केले. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने देशभरातून माहिती मागवली. जामीन मंजूर होऊनही आत असलेल्यांची संख्या पाच हजारांवर निघाली; त्यांतील सातशेहून अधिक एकट्या महाराष्ट्रातील होते. ३१ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने मार्गदर्शक निर्देश दिले. आदेशानंतर सात दिवसांत सुटका न झाल्यास कारागृह अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे. महिनाभरात मुचलका भरला गेला नाही तर न्यायालयाने स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करावा. स्थानिक जामीनदाराचाच आग्रह धरू नये. ऑगस्ट २०२४ मध्ये याच न्यायालयाला, तेरा गुन्ह्यांत जामीन मिळूनही प्रत्येकासाठी वेगळे जामीनदार न मिळाल्याने अडकलेल्या माणसाच्या प्रकरणात, तेच जामीनदार सर्व गुन्ह्यांत चालतील, असे सांगावे लागले. अवाजवी जामीन म्हणजे जामीनच नव्हे, हे तत्त्व त्या निकालात आहे. १९७८ मध्येही तेच सांगितले गेले होते. ४६ वर्षांनी तेच पुन्हा सांगावे लागते, याचा अर्थ सांगण्यात कमतरता नाही.

केंद्र सरकारने २०२३ मध्ये गरीब कैद्यांना साह्य देणारी योजना आणली. जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, कारागृह अधीक्षक आणि विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांचा समावेश असलेल्या समितीच्या शिफारशीवरून कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४० हजार रुपयांपर्यंत रक्कम न्यायालयात भरण्याची त्यात सोय होती. कल्पना चांगली; पण राज्यांचा प्रतिसाद इतका थंड की गृह मंत्रालयाला पत्रे पाठवून योजनेची आठवण करून द्यावी लागली. यात आश्चर्य नाही. एका कैद्याच्या काही हजार रुपयांसाठी इतक्या अधिकाऱ्यांची समिती बसवणे हाच मुळात उलटा हिशेब आहे. तीच न्यायालये जातमुचलक्यावर सोडू शकली असती तर सरकारी तिजोरीतून जामीन भरण्याची वेळच आली नसती.

नवी संहिता : एक पाऊल पुढे, एक आडवे

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली. 'जामीन' या शब्दाची व्याख्या कायद्यात प्रथमच झाली. (जुन्या संहितेत जामीनपात्र आणि अजामीनपात्र गुन्हे होते, पण जामीन म्हणजे काय ते नव्हते!) कलम ४७९ ने पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या आरोपीसाठी मुदत निम्म्यावरून एक तृतीयांशावर आणली. साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. म्हणजे पहिल्यांदाच गुन्ह्यात आलेल्या तरुणाची दीड वर्षाऐवजी एका वर्षात सुटका व्हावी. पात्र कैद्यासाठी अर्ज करण्याची जबाबदारीही कारागृह अधीक्षकावर टाकण्यात आली. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीचा लाभ १ जुलैपूर्वीच्या गुन्ह्यांतील कैद्यांनाही द्यावा, असे स्पष्ट केले. फाशी व जन्मठेपेचे गुन्हे अर्थातच यातून वगळलेले आहेत.

सुधारणा खरी आहे. परंतु त्याच कलमाच्या दुसऱ्या उपकलमाकडे पाहिल्यावर उत्साह ओसरतो. एकापेक्षा अधिक गुन्ह्यांचा किंवा एकापेक्षा अधिक प्रकरणांचा तपास वा खटला प्रलंबित असल्यास या कलमाखाली सुटका करता येणार नाही, असे ते म्हणते. आता आपल्याकडील प्रथम माहिती अहवाल डोळ्यांपुढे आणावा. एकच कलम लावलेला अहवाल विरळा. साध्या मारामारीतही दुखापत, धमकी, शिवीगाळ, बेकायदा जमाव अशी मालिका असते. 'एकापेक्षा अधिक गुन्हे' याचा शब्दशः अर्थ लावला तर कलमाने दिलेला लाभ बहुतेकांच्या हातून तेथल्या तेथेच निसटतो. आणि किती कलमे लावायची हे पोलीस ठाण्यात ठरते.

महाराष्ट्रात याचा सर्वाधिक फटका कोणाला, हे सांगण्यास संशोधनाची गरज नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवलेल्या समाजांवरील तो शिक्का १९५२ मध्ये कायद्याने पुसला. पोलिसांच्या नोंदवह्यांतून तो गेला नाही. परिसरात चोरी झाली की पारधी वस्तीवर धाड पडते, एकाच तरुणावर तीन-चार प्रकरणे दाखवली जातात. त्याला कायमचा पत्ता नाही, शिधापत्रिका नाही, सातबारा तर नाहीच. पहिल्या उपकलमाचा आधार ज्याला सर्वांत आवश्यक, त्यालाच दुसरे उपकलम बाहेर ठेवते. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कारागृह नियमावल्यांतील जातिभेदाच्या तरतुदी रद्द करताना विमुक्त जमातींवरील 'सराईत' या शिक्क्याचीही दखल घेतली होती. तो विचार जामिनाच्या कलमापर्यंत पोहोचलेला नाही.

नव्या संहितेतील आणखी एका बदलाची चर्चा वकीलवर्गात अधिक आणि बाहेर कमी झाली. पंधरा दिवसांची पोलीस कोठडी पूर्वी अटकेनंतरच्या पहिल्या पंधरवड्यातच घेता येत असे. आता ती गुन्ह्याच्या स्वरूपानुसार पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्यातुकड्यांनी मागता येते. पोलीस कोठडीचे दिवस शिल्लक आहेत म्हणून जामिनाला विरोध, हा युक्तिवाद सरकारी पक्षाच्या हाती आयताच आला आहे.

जेथे नियमच उलटा

काही कायद्यांत जामिनाचे गणित मुळातच उलटे आहे. महाराष्ट्राचा १९९९ चा मकोका, बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा, आर्थिक गैरव्यवहार प्रतिबंधक कायदा. मकोका आणि आर्थिक गैरव्यवहाराच्या कायद्यात आरोपी दोषी नसल्याचे मानण्यास सबळ कारण आहे, असे न्यायाधीशांना वाटले तरच जामीन मिळतो. बेकायदा कृत्यांच्या कायद्यात आरोप प्रथमदर्शनी खरे वाटले की जामीन नाही. खटल्याआधीच निर्दोषत्वाची अर्धी परीक्षा. दहशतवाद आणि संघटित गुन्हेगारीशी झुंजणाऱ्या राज्यसंस्थेला कडक तरतुदी लागतात, हे मान्यच. पण कडक जामिनाला जोड हवी ती जलद खटल्याची, आणि ती कोठेच नाही. भीमा कोरेगाव प्रकरणात ऑक्टोबर २०२० मध्ये अटक झालेले ८४ वर्षांचे फादर स्टॅन स्वामी जामिनाच्या प्रतीक्षेत ५ जुलै २०२१ रोजी मुंबईत मरण पावले. त्यांच्यावरील आरोप खरे होते की खोटे, हे न्यायालयात कधीच ठरणार नाही.

२०२१ च्या नजीब प्रकरणापासून सर्वोच्च न्यायालयाने, खटला लवकर संपण्याची शक्यता नसेल तर कडक कायद्यातही घटनात्मक न्यायालय जामीन देऊ शकते, अशी भूमिका घेतली आहे. जुलै २०२४ मध्ये मुंबईतील बनावट नोटांच्या प्रकरणात चार वर्षे आत असलेल्या आणि ज्याच्यावर आरोपनिश्चितीही झालेली नव्हती अशा आरोपीला न्यायालयाने याच तत्त्वावर सोडले. शिक्षा म्हणून जामीन अडवता येणार नाही, असे बजावले. पुढच्याच महिन्यात दिल्लीचे माजी उपमुख्यमंत्री मनीष सिसोदिया १७ महिन्यांनी सुटले. हे निर्णय दिलासादायक खरे, पण ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचलेल्यांचे आहेत. दिल्लीपर्यंत जाण्यास वकील, पैसा आणि वर्षे लागतात. सत्र न्यायालयातच जो जामीन मिळावयास हवा होता, तो तेथे मिळत नाही. हा प्रश्न तसाच राहतो.

खालच्या न्यायालयांचा हात आखडता का, याचे एक उत्तर तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये दिले होते. गंभीर गुन्ह्यात जामीन दिल्यास आपल्याला लक्ष्य केले जाईल, ही भीती. जामीन नाकारणाऱ्या न्यायाधीशाला कोणी खुलासा विचारत नाही. जामिनावर सुटलेल्याने काही केले तर मात्र बोटे त्याच्याकडे वळतात. यात माध्यमांचाही वाटा आहे. 'आरोपी मोकाट' असा मथळा देताना जामीन म्हणजे निर्दोष मुक्तता नव्हे, हे सांगण्याचे कष्ट वृत्तपत्रे फारशी घेत नाहीत.

पीडिताची बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नाही. अत्याचाराची तक्रार करणाऱ्या स्त्रीच्या गल्लीत आरोपी चार दिवसांत परतून फिरू लागला, तर न्यायाचे तत्त्वज्ञान तिच्या कामाचे नाही. आरोपी पळेल का, पुरावा नष्ट करील का, साक्षीदारांना धमकावील का, या तीन कसोट्या त्यासाठीच आहेत. पण पंधरा हजारांचा जामीनदार यांतील कोणत्याही प्रश्नाचे उत्तर देत नाही. वस्तीत प्रवेशबंदी, पोलीस ठाण्यात हजेरी, साक्षीदार संरक्षण या अटी ते देऊ शकतात. त्यांनाही मर्यादा हवीच : भ्रमणध्वनीवरून सतत ठावठिकाणा कळवण्याची अट जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणाच्या हक्कावर घाला म्हणून रद्द केली.

संसदेची वाट न पाहता

११ जुलै २०२२ रोजी सतेंदर कुमार अंतिल प्रकरणात न्या. संजय किशन कौल आणि न्या. एम. एम. सुंदरेश यांच्या पीठाने ब्रिटनच्या १९७६ च्या कायद्याचा दाखला देत स्वतंत्र जामीन कायदा करण्याची सूचना केंद्राला केली. त्याआधी २०१७ मध्ये विधी आयोगाच्या २६८ व्या अहवालानेही जामिनाच्या तरतुदींची फेरमांडणी सुचवली होती. नवी संहिता आली, स्वतंत्र कायदा आला नाही.

तथापि, बरेचसे काम कायद्याविनाही होऊ शकते, आणि ते मुंबईतच. जामीनदाराकडून कोणती कागदपत्रे मागावीत, ऐपतदारीचा दाखला केव्हा लागावा, पडताळणी किती दिवसांत व्हावी, हे विषय प्रामुख्याने उच्च न्यायालयाच्या फौजदारी नियमपुस्तिकेचे, परिपत्रकांचे आणि प्रथेचे आहेत. रक्कम अवाजवी नसावी, असे बंधन संहितेने घातले आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या 'प्रयास' प्रकल्पाचे समाजकार्यकर्ते मुंबईतील कारागृहांत १९९० पासून काम करीत आहेत. आरोपीचे घर, काम, नातेसंबंध यांची माहिती न्यायालयापुढे ठेवून जातमुचलक्यावर सुटका मागता येते, हा त्या कामाचा अनुभव आहे. असा कार्यकर्ता प्रत्येक दंडाधिकारी न्यायालयाशी जोडला गेला तर तहसीलदाराच्या दाखल्यापेक्षा अधिक विश्वासार्ह माहिती न्यायाधीशांना मिळेल. प्रत्येक जिल्ह्यात कच्च्या कैद्यांचा आढावा घेणारी समिती जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली आहेच. जामीन मंजूर होऊन सात दिवस उलटलेल्यांची यादी तिच्यासमोर नियमितपणे येते की नाही, आणि आल्यावर किती मुचलक्यांच्या अटी बदलल्या जातात, हे राज्य विधी सेवा प्राधिकरणाने जिल्हावार जाहीर करण्यास कोणत्याही दुरुस्तीची आवश्यकता नाही.